हिमायतनगरहून विल्डबीस्टच्या नातलगांकडे

मसाईमाराहून परतल्यावर हिमायतनगरच्या आमच्या घरी महिनाभर एकच विषय होता: विल्डबीस्ट. पुढून भारदस्त, मागे उतरती पाठ, लांब दाढी, नर-मादी दोघांनाही गायीसारखी शिंगे. लेकीला ती जनावरे इतकी आवडली, की "आपल्याकडे असं काहीच नाही," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. शेवटी एका रविवारी सकाळी तिला गाडीत बसवले आणि दिलसुखनगर, एल. बी. नगर मागे टाकून महावीर हरिण वनस्थळी गाठली.

हे एकेकाळचे निजामांचे शिकारीचे रान. १९७५ साली महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त त्याला हे नाव मिळाले. ज्या रानात बंदुका वाजल्या, तेच आता काळविटांचे आश्रयस्थान आहे.

आधी चितळ दिसले. लेकीला सांगितले, चितळाची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची जन्मभर टिकतात, विल्डबीस्टसारखीच, कारण दोघेही गायी-शेळ्यांच्या कुळातले. पुढे एक काळाभोर नर लेंड्यांच्या ढिगाजवळ ऐटीत उभा होता. तो ढीग म्हणजे त्याच्या हद्दीची खूण. डोळ्याजवळच्या ग्रंथीचा वासही तो काड्यांना फासतो. विल्डबीस्टचा नर अगदी हेच करतो. "म्हणजे चुलतभाऊच की!" लेक म्हणाली.

तेवढ्यात गवतात एक पाडस दिसले. एकटेच, मान टाकून निपचित पडलेले.

"आई, त्याला कुणीच नाहीये! आपण त्याला घेऊ या ना!"

माझाही जीव कळवळला. मी चालकाला गाडी थांबवायला सांगणार, तोच तो शांतपणे म्हणाला, "उसकी माँ इधरीच है मॅडम. अपन हटे तो आती."

इथे दोन भावांचे मार्ग वेगळे होतात. सेरेंगेटीत विल्डबीस्टची बहुतेक वासरे फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. सिंह-तरस खाऊन खाऊन किती खाणार? शिवाय वासरू काही मिनिटांतच उभे राहून आईमागे धावू लागते. काळविटाचे पाडस मात्र सुरुवातीचे दिवस गवतात लपून राहते. आई मुद्दाम लांब चरते आणि दूध पाजायला परत येते. आपण त्याला अनाथ समजून उचलले, तर खरोखरच अनाथ करून टाकतो.

गाडी पुढे गेली. वळणावर मागे पाहिले, तर शिंगे नसलेली एक तपकिरी मादी हळूहळू गवताकडे येत होती. लेक काहीच बोलली नाही. माझा हात मात्र तिने घट्ट धरून ठेवला होता.

आता घरी कुणी आले, की ती विल्डबीस्टबद्दल सांगतेच, पण शेवटी बजावते, "वनस्थळीला गेलात आणि एकटं पाडस दिसलं, तर हात लावू नका हं. त्याची आई जवळच असते."