डांबरगोळी ते मोबाईलचा पडदा

कपाटात ठेवलेली डांबरगोळी काही महिन्यांत हरभऱ्याएवढी होते. वितळत नाही, नुसती हवेत उडून जाते. कारण त्यातल्या नॅप्थलीनच्या रेणूंनी एकमेकांना घट्ट धरलेलंच नसतं. प्रत्येक रेणू आपल्या घरात मजबूत, शेजाऱ्याशी संबंध मात्र जेमतेम. आपल्या सोसायट्यांसारखंच म्हणा ना!

आता यातून वीज न्यायची तर? सिलिकॉनमध्ये अणू एकमेकांना पक्के बांधलेले, त्यामुळे इलेक्ट्रॉनला अख्खा स्फटिक मोकळा. इथे इलेक्ट्रॉन एका रेणूत आरामात फिरतो, पण पुढच्या रेणूवर जाणं अवघड. त्यात सगळे रेणू उष्णतेने थरथरत असतात. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनच्या चपळाईचा आकडा १४००च्या आसपास, तर नॅप्थलीनमध्ये साधारण १! (एकक तेच, उगाच घाबरवत नाही.)

बरं, थरथर थांबवली तर? वार्टा आणि कार्ल यांनी १९८५ साली अतिशुद्ध नॅप्थलीन उणे २६० अंशांच्याही खाली नेलं, आणि चपळाई ४००पर्यंत गेली. म्हणजे डांबरगोळीतही हमरस्ता आहे, आपल्या उबेला तो दिसत नाही इतकंच.

पण एवढ्या थंडीत मोबाईल कोण वापरणार? १९६३ साली पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीन या नॅप्थलीनच्या भाईबंदातून वीज सोडून उजेड पाडला होता, पण त्याला शेकडो व्होल्ट लागले. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅनस्लाइक यांनी वेगळीच शक्कल लढवली. इलेक्ट्रॉनला पळवायच्या भानगडीत न पडता त्यांनी रस्ताच छोटा केला. सेंद्रिय थर इतके पातळ, की केस त्याच्या शेकडो पट जाड. दहापेक्षा कमी व्होल्टमध्ये हिरवा उजेड! आजचे ओलेड पडदे याच वाटेने आले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटावं. प्रोसेसर वेगवान होत नसेल तर डेटा जवळ आणा, तसलाच हा प्रकार.

अर्थात फुकट काहीच नाही. हे पदार्थ नाजूक. हवा-पाणी लागलं की बिघडतात, म्हणून पडदा सीलबंद ठेवावा लागतो. निळा रंग तर सगळ्यात आधी थकतो. तरी एक गोष्ट मला फार आवडते : वीज वाहून नेण्यात 'ढ' ठरलेला पदार्थ कोणी हुशार केला नाही. त्याला झेपेल एवढंच अंतर दिलं, आणि तो उजळला.