मागल्या दाराने अंजनवेल

पुणे, शनिवार रात्री

ती. आईस,


फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि दादाला निरोप दिला तर तो निम्मा गाळून सांगतो. म्हणून ही पत्रं. वाचायला चष्मा नवा घे, जुन्यावर भांडू नकोस.

नागपूर सोडलं तेव्हा उजाडलं नव्हतं. समृद्धी महामार्गाचं तू कौतुकाने विचारशील, पण सांगण्यासारखं फार नाही. रस्ता इतका सरळ की गाडी चालवणाऱ्याला झोप आणि मागे बसलेल्यांना भांडणं, एवढंच होतं. वर्धा, कारंजा, मेहकर, जालना ही सगळी गावं पाट्यांवरच भेटली, एकाचंही तोंड पाहिलं नाही. मे महिन्यात ते काँक्रीट असं तापतं की ताशी १२० च्या वेगात जुना टायर टिकायचा नाही, म्हणून ह्यांनी निघण्याआधी चारही चाकं तपासून घेतली होती. शिर्डीपाशी खाली उतरलो आणि संगमनेर, नारायणगाव करत पुण्यात आलो. मामींसाठी घेतलेल्या संत्राबर्फीचा एक डबा संगमनेरलाच संपला. हे त्यांना कळवू नकोस.

बाकी उद्याच्या घाटानंतर.


अंजनवेल, सोमवार

ती. आईस,

पोचलो. मामांची तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. मामींनी दारातच थोरलीला पाहून "ही अगदी आक्कावर गेली" म्हणून डोळे पुसले. मग सगळ्यांना कोकमाचं सरबत.

आता घाटाचं सांगते. उंब्रजला पुण्याचा हायवे सोडून पाटणकडे वळलो. कोयनानगरला धरण दाखवायला गाडी थांबवली तेव्हा ह्यांनी मुलांना जे सांगितलं, ते मलाही इतकं नीट माहीत नव्हतं. महाबळेश्वरला उगवलेली कोयना कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. धरणाने ते अडवलं आणि त्यातलं बरंचसं डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. पोफळीला ते जनित्रं फिरवतं, कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडतं, पुन्हा वीज देतं आणि मग वाशिष्ठीत पडतं. वाशिष्ठी ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत आणते. आपण कुंभार्ली घाट उतरतो तसंच ते पाणीही उतरतं, आपण रस्त्याने आणि ते खडकातून, आणि दोघांचाही मुक्काम शेवटी तुझ्या माहेरीच. भूकंपाच्या पहाटे, १९६७ साली, तुम्ही सगळे अंगणात बसून होतात ना? तो ह्याच कोयनेचा.

घाटात धाकट्याला उलटी होऊ नये म्हणून मी गोष्ट काढली. अंजनवेलचा सुभेदार सिद्दी सात. त्याला हवा होता हत्ती. परशुरामच्या ब्रह्मेंद्रस्वामींचं कर्नाटकाकडे जाणं-येणं असायचं, म्हणून त्याने त्यांच्याकडे मागितला. स्वामींनी सावनूरच्या नवाबाकडून हत्ती मिळवला, पण वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो अडवला. सिद्दीला वाटलं, हे स्वामींचंच कारस्थान. त्याने १७२७ च्या महाशिवरात्रीला परशुरामचं देऊळ लुटलं. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि तिथून पेशव्यांना पत्रांमागून पत्रं पाठवत राहिले. सिद्दी सात १७३६ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेशी लढताना मारला गेला. एवढ्या सगळ्यातून धाकट्याचा प्रश्न एकच, घाटात हत्तीला ब्रेक कसा लावतात.

चिपळूणला जेवलो. मग रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी. शृंगारतळी तू पाहिलीस तर ओळखणार नाहीस, मोबाइलपासून मोटारपंपापर्यंत सगळं मिळतं. तिथून पुढे कातळाचा सडा, काजूची कलमं, मग रानवीच्या बाजूला वीज कंपनीची लांबच लांब भिंत आणि चिमण्या, आणि भिंत संपता संपता एकदम उतार लागून खाली गाव.

मला हे विचित्र वाटलं. तू सांगायचीस ते गाव समोरून यायचं. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, रात्रभर डोलणं, सकाळी खाडीच्या तोंडाशी उजव्या हाताला किल्ला, मग आगबोटीतून होडीत उतरताना आजीने धरलेला तुझा दंड. गाव त्या बाजूला तोंड करूनच वसलेलं आहे. आम्ही मात्र मागल्या दाराने आलो, परसातून आल्यासारखे. हल्ली येणारे सगळे तसेच येतात.


अंजनवेल, बुधवार

ती. आईस,

उकाडा विचारू नकोस. नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा परवडला. तिथे कूलरपुढे बसलं की निभतं. इथे हवेतच इतकं पाणी की कूलर असता तरी काय उपयोग. पंख्याखाली बसून घाम पुसायचा, एवढंच. मामी म्हणतात, दुपारी बोलू नये, बोलण्यानेही घाम येतो.

पण खाणं! सकाळी घावने, दुपारी फणसाची भाजी आणि कुळथाची पिठी, आणि एक दिवस सांदणं. मामांची सून पाट घेऊन रातांबे फोडत बसते, अंगणभर आमसुलं वाळताहेत आणि धाकट्याचा शर्ट आता मरेपर्यंत लाल राहील.

काल मामांचा मुलगा आम्हाला गोपाळगडावर घेऊन गेला. तुला नुसतं किल्ला म्हणून आठवतो, नाव तुळाजी आंग्र्यांनी दिलेलं. त्यांनी १७४५ च्या सुमारास तो सिद्दीकडून घेतला. त्याआधी आदिलशाही, शिवाजी महाराज, मग सिद्दी, आंग्र्यांनंतर पेशवे, आणि १८१८ मध्ये इंग्रज. पेशवाईच्या कागदांत तर 'तालुका अंजनवेल' आहे. आज तालुका गुहागर, आणि साध्या कामालाही तिकडे जावं लागतं, म्हणून मामेभाऊ वैतागलेला असतो.

आत आंब्याची कलमं आहेत. जांभ्या दगडाचा तट झाडांनी वेढलाय. मला मात्र सगळ्यात लक्षात राहिला तो खंदक. तो समुद्राकडे नाही, जमिनीकडे आहे. समुद्राकडे कडा आणि तोफा पुरे होत्या. बांधणाऱ्याला चिंता होती ती पाठीमागच्या सड्याची.

आणि सड्यावरूनच पुढे सगळं आलं. थोरलीला तिच्या पुस्तकात 'दाभोळ प्रकल्प' भेटलेला, तिने विचारलं, दाभोळ तर खाडीपलीकडे, मग प्रकल्प इथे कसा? मामेभाऊ हसला. एन्रॉनच्या कंपनीचं नाव दाभोळ पॉवर, जमीन अंजनवेल, वेलदूर, रानवीची. डिसेंबर १९९३ मध्ये करार, १९९५ मध्ये नव्या सरकारने रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा मान्य. मधल्या काळात इथे मोर्चे, अटका. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलिसांनी पहाटे घरांत शिरून बायकांना ओढून नेलं, ते ॲम्नेस्टीच्या अहवालात छापलंय. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉट सुरू झाले आणि दोन वर्षांत बंदही पडले, कारण ती वीज मंडळाला परवडेना. मग एन्रॉनच बुडाली. २००५ पासून ते सरकारी कंपन्यांकडे, रत्नागिरी गॅस अँड पॉवर म्हणून. क्षमता १९६७ मेगावॉट.

हा आकडा ऐकून ह्यांनी मोबाइल काढला. कोयनेची सगळी जनित्रं मिळून १९६०. म्हणजे एकाच नदीच्या वरच्या टोकाला एक आणि मुखाशी दुसरा, जवळजवळ सारखेच. वरचा पाण्यावर, खालचा बाहेरून बोटीने येणाऱ्या गॅसवर. तो गॅसही, लाटा अडवणारा बांध नव्हता तोवर, पावसाळ्यात उतरत नसे. मामा म्हणाले, "आगबोटही बंदच असायची पावसाळ्यात. दर्याला कंपनी कळत नाही."

मला विचारशील तर, ज्यांची जमीन गेली त्यांच्या गावाचं निदान नाव तरी लावायचं होतं. मामेभाऊ म्हणतो, बुडाली तेव्हा मात्र नाव नव्हतं ते बरंच झालं.

संध्याकाळी टाळकेश्वराला गेलो. तुझ्या नावाचा नारळ फोडला. शेजारच्या दीपगृहाखाली उभं राहिलं की खाडीचं तोंड आणि पलीकडचा किनारा सगळा दिसतो.


दाभोळ, शुक्रवार

ती. आईस,

शेवटी मी हट्टच धरला की गाव एकदा पाण्यावरून पाहायचं. गाडी न्यायची तर धोपाव्याहून जंगलजेटी आहे, बस, ट्रक, सगळं पोटात घेऊन दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. पण मला लहान लाँच हवी होती, म्हणून वेलदूरहून निघालो. बरोबर एक कोळीण, तिच्या दोन टोपल्या आणि एक नवी सायकल. ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, ह्यांनी माझा हात धरला तर कोळीण म्हणाली, "पहिल्यांदाच काय ताई?" मी म्हटलं, माहेर आहे. आईचं म्हणायचं राहूनच गेलं.

अर्ध्या खाडीतून मागे वळून पाहिलं. तू सांगतेस ते सगळं आहे. टोकाला तट, खाली माडांची रांग, मधे कौलं, आणि आता सगळ्यांच्या डोक्यावर चिमण्या. मोबाइलवर फोटो काढलाय, दादा मोठा करून दाखवेल. चिमण्या कापून दाखव असं त्याला सांगू नकोस, आहे ते आहे.

दाभोळला चंडिकेच्या गुहेत वाकून जावं लागलं, माझी कंबर अजून दुखते आहे. खाली पाण्याजवळ सतराव्या शतकातली मशीद आहे, तिचा घुमट आणि पायऱ्या फार देखण्या. एवढंसं गाव, पण अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या वाटेला ह्याच बंदरातून जहाजात बसला होता. घरी काही पोचला नाही बिचारा, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच गेला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या अल्मेदाने हे बंदर जाळलं. समोर किल्ला का हवा होता, ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

आता कामाचं. आंब्याच्या दोन पेट्या आणतोय, एक तुला आणि एक दादाच्या सासरी. पेट्या गवतातच राहू देत, फ्रिजमध्ये घालू नका. आमसुलं, कुळथाचं पीठ, साठं आणि मामींनी स्वतः कुटलेला मसाला आहे. संत्राबर्फीचा उरलेला डबा त्यांना फार आवडला, दोन होते हे अजून कळलेलं नाही.

मामी म्हणतात, गणपतीला तू यायलाच हवंस, गुडघे त्यांचेही दुखतात. मोटारीचा प्रवास तुला झेपणार नाही, पण नागपूरहून मडगावला जाणारी रेल्वे चिपळूणला थांबते, तिथे मामेभाऊ घ्यायला येईल. फक्त लवकर कळव. तिकिटं साठ दिवस आधी सकाळी आठला सुटतात आणि गणपतीची तर चहा गाळेपर्यंत संपतात.

तुझी,
धाकटी