टाकी पाडणे आहे

घर बांधणं कठीण, असं जो म्हणतो त्यानं कधी काही पाडून पाहिलेलं नसतं. बांधायला नकाशा असतो, मुहूर्त असतो, पेढे असतात. पाडायला नुसता कंत्राटदार असतो.

आमच्या अंधेरीच्या घरात न्हाणीघराची निम्मी जागा अडवून एक काँक्रीटची टाकी बसली होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८१ साली बांधून घेतली. तेव्हा सिमेंटला परमिट लागे. नियंत्रण अर्धवट उठलं १९८२ साली आणि पूर्ण उठलं १९८९ साली. पण नळाला पाणी येण्याची वेळ पहाटेची, आणि तीही नळाच्या मर्जीची. त्यामुळे नाना थांबले नाहीत. अर्ज, शिफारस, खेटे असं सगळं करून त्यांनी सिमेंट मिळवलं आणि एकवीस दिवस स्वतः टाकीवर पाणी मारलं. माझ्या बारशाचा खर्च त्यांना आठवत नाही, टाकीचा पैन् पै तोंडपाठ आहे.

गेल्या दिवाळीत याच टाकीला वळसा घालताना नानांचा पाय घसरला. हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, न्हाणीघरात बसायला खुर्ची ठेवा, भिंतीला दांडा लावा. खुर्ची आणली. ती दारातच अडकली. टाकी तरी राहणार किंवा खुर्ची तरी.

"मग खुर्ची परत करा," नाना म्हणाले.

मी बँकेतला माणूस. तीन कोटेशनं मागवली. पहिल्या कंत्राटदारानं टाकीवर किल्लीनं टकटक केलं, डॉक्टरसारखा "हं" म्हणाला आणि असा आकडा सांगितला की टाकी आहे तिथं शोभून दिसू लागली. दुसऱ्यानं टाकीकडे पाहिलंच नाही. त्याला फरशा, नळ, छत सगळंच बदलायचं होतं. तिसरा म्हणाला, "साहेब, एका दिवसाचं काम. अंगावर घेतो." त्याला काम दिलं.

"एका दिवसाचंच ना?" सौ.नं विचारलं. "नाहीतर आपला गोखले पूल व्हायचा!" तो पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. घरात न्हाणीघर एकच असल्यामुळे या तुलनेनं माझ्या अंगावर काटा आला.

सोसायटीचा अर्ज झाला, अनामत भरली. मग प्रश्न आला राडारोड्याचा. टाकी चार फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट उंच, जाडी चार इंच. वाणिज्य शाखेच्या पदवीधरानं कागदावर गणित मांडलं. एक घनमीटर काँक्रीट सुमारे अडीच टनांचं, म्हणजे आमची टाकी जवळजवळ एक टन. पंचवीस किलोची गोणी धरली, तर चाळीस गोण्या दोन मजले उतरवायच्या. रस्त्याकडेला ओतून येण्याची सोय नाही; त्यासाठी २०१६ साली वेगळे नियमच झाले आहेत. दहिसरला राडारोडा दळून पुन्हा बांधकामाचं सामान करतात, असं मी नानांना समजावलं.

"म्हणजे टाकी दळणाला चालली म्हण की," नाना म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता.

कामगार आला. संध्याकाळपर्यंत टाकीचा एक कोपरा उडाला होता. दुसऱ्या दिवशी ब्रेकर आला. मशीन थरथरलं, आम्ही थरथरलो, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. टाकी मात्र जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची सळई वाकली. कामगार घाम पुसत म्हणाला, "बाबूजी, ये बनाया किसने? आजकल ऐसा काम नहीं होता."

नानांनी पेपर खाली ठेवला. "मी," ते म्हणाले.

मग कंत्राटदार आला आणि दोन दिवसांची जास्तीची मजुरी मागू लागला. मी बोली, अंगावरचं काम, कोटेशनचा कागद असा सगळा दप्तरी शस्त्रसाठा बाहेर काढला.

"देऊन टाक रे," नाना आतून म्हणाले. "त्याची काय चूक? मी तेव्हा सिमेंटात काटकसर केली असती तर एका दिवसात झालं असतं." त्यांनी उशीखालचं पाकीट काढलं आणि त्याचे पैसे स्वतः मोजून दिले. आमच्या घरात कंत्राटदाराला जास्त पैसे इतक्या आनंदानं कधी दिले गेले नव्हते.

आता न्हाणीघर मोकळं आहे. भिंतीला दांडा आहे, खुर्ची आहे. परवा सकाळी आत गेलो तर खुर्ची दाराबाहेर. टाकीच्या जागी ओळीनं सहा बादल्या, दोन पिंपं आणि एक कळशी, सगळी काठोकाठ भरलेली.

"नाना, आता खुर्ची कुठं ठेवायची?"

"पाण्याचा काय भरवसा?" नाना म्हणाले.