बुद्रुक की खुर्द?

घर विकत घ्यायला वकील लागतोच, असं महाराष्ट्रातल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. करारनामा कुणीही लिहावा, मुद्रांक शुल्क भरावं, दोन साक्षीदार न्यावेत, दुय्यम निबंधकासमोर अंगठा आणि फोटो द्यावा. दस्त नोंदला जातो. निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरोखर मालक आहे का याचा छडा लावणं हे त्याचं काम नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या मूळच्या महार वतनाच्या, सरकारच्या ताब्यातल्या सुमारे ४० एकर जमिनीचं खरेदीखत गाजलं. दुय्यम निबंधक निलंबित झाला, पण नोंदणी आधी होऊन गेली होती. तिथे एवढं होतं, तर दोन खोल्यांच्या फ्लॅटचं काय होऊ शकेल हे वेगळं सांगायला नको.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा माझा धाकटा भाऊ आणि भोसरीतल्या शाळेत शिकवणारी भावजय चऱ्होलीत घर पाहू लागले, तेव्हा यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. आळंदी रस्त्याने वडमुखवाडी, चोविसावाडी ओलांडून आत वळलं की नव्या इमारतींची रांग लागते, आणि प्रत्येक फाटकावर ‘महारेरा नोंदणीकृत’ असा फलक असतो. त्यांना पसंत पडलेला फ्लॅट जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा होता. मालक बंगळूरला निघालेले, घर हवेशीर, भाव हातातला. एजंट म्हणाला, “ताई, वकिलाची काळजीच करू नका. आपलेच आहेत. बिल्डरचं सगळं काम तेच बघतात, विकणाऱ्यांचं पण तेच करतायत. टायटल एकदम क्लिअर.”

भावजयीने एवढंच विचारलं, “मग आमचं कोण बघणार?”

एजंटला प्रश्न कळला नाही. माझ्या मते मात्र सगळ्या व्यवहारातला नेमका प्रश्न तोच होता. भावाचा भरवसा बँकेवर होता: बँकेचा वकील कागद तपासतोच की. तपासतो, पण बँकेसाठी. त्याची फी कर्जदार भरतो आणि अहवाल बऱ्याचदा बँकेच्या फायलीतच राहतो. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण त्याला सांगावं लागलं. बांधकाम परवानग्या बनावट होत्या, त्यांच्यावर महारेराची नोंदणीही मिळाली होती आणि तिथल्या कित्येक कुटुंबांनी बँकेचं कर्ज काढून घरं घेतली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. घर पाडलं जायची वेळ आली तरी हप्ता थांबत नाही.

आता वकील शोधायचा कसा? पाट्या पाहून उपयोग नाही. वकिलांनी जाहिरात करू नये, पाटी बेताचीच असावी, आणि आपण अमुक कामात तज्ज्ञ आहोत असं तिच्यावर लिहू नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. त्यामुळे अपघाताचे दावे चालवणारा आणि जमिनीचे कागद वाचणारा, दोघांची पाटी सारखीच दिसते. आधी ओळखीतल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि सरळ सांगितलं, “माझी सगळी हयात फौजदारीत गेली. हे माझं काम नाही.” असं स्वतःहून सांगणारा माणूस भेटणं हे नशीबच. दुसऱ्यांनी कागद न पाहताच फोनवर फी सांगितली आणि शनिवारी दस्त उरकू म्हणाले.

तिसरं नाव मिळालं ते मोशीतल्या एका सोसायटीच्या अध्यक्षांकडून. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नव्हता, म्हणून त्यांनी १९६३ च्या मोफा कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण करून घेतलं होतं. ज्यांनी ते काम केलं त्या वकीलबाईंकडे आम्ही गेलो. घर घेणाऱ्या कुणालाही मी आता हीच वाट सांगतो. सोसायट्यांची मानीव अभिहस्तांतरणं करणाऱ्या वकिलाने बिल्डरांच्या फायली उलट्या बाजूने वाचलेल्या असतात. कुठला कागद नसतो आणि का नसतो, हे त्याला ठाऊक असतं.

वकीलबाईंनी फ्लॅटचे फोटो बाजूला सारले. पहिला प्रश्न आला, “बुद्रुक की खुर्द?”

बाहेरच्या माणसाला चऱ्होली एकच वाटते. चऱ्होली बुद्रुक इंद्रायणीच्या अलीकडे, हवेली तालुक्यात. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेली. चऱ्होली खुर्द नदीपलीकडे, खेड तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिथे बांधकामाच्या परवानगीसाठी पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, जावं लागतं. तालुका वेगळा, परवानगी देणारा वेगळा, गट क्रमांकांची मालिका वेगळी. आणि गावातल्या जुन्या घरांची शेती कधीकधी दोन्ही काठांवर. स्थानिक वकील हवा तो एवढ्यासाठी. त्याचं ऑफिस घराजवळ असण्याशी याचा फारसा संबंध नाही.

मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं. दिघीच्या लष्करी दारूगोळा भांडाराभोवती सुमारे ११४५ मीटरचा रेड झोन. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याने त्यात घरं बांधायला मनाई, तरी या पट्ट्यात गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकले गेले आणि वस्त्या उभ्या राहिल्या. लोहगावचं विमानतळ जवळ, म्हणून इमारतीच्या उंचीला हवाई दलाची ना-हरकत. शिवाय नदीची निळी पूररेषा. शेजारच्या चिखलीत इंद्रायणीकाठच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. प्लॉट पैसे मोजून घेतलेले होते, घरं आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेली होती. त्याच महिन्यात महापालिकेने सुधारित विकास आराखड्याचं प्रारूपही प्रसिद्ध केलं होतं, त्यामुळे इमारतीच्या गटावर कुठलं आरक्षण पडलंय का, रस्ता कुठून जातोय, हेही पाहणं आलं. आमचा फ्लॅट या सगळ्यातून सुटला. भाऊ खूश झाला. बाई म्हणाल्या, “थांबा, ही जमिनीबाहेरची संकटं झाली. आतली अजून बघायचीत.”

मागितलेले कागद पाहून भावजयीने वहीच काढली. सध्याचा सातबारा, आणि त्यावरचे सगळे फेरफार, मागे थेट जुन्या हस्तलिखित उताऱ्यांपर्यंत. जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला विकसन करारनामा, त्यासोबतचं कुलमुखत्यारपत्र. मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र. बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतलेला करारनामा आणि त्याची सूची क्रमांक दोन. आणि मिळकतकराचं बिल, त्यात शास्ती लागली होती का हे पाहायला. अवैध बांधकामांवरचा पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर २०२३ मध्ये माफ झाला, पण कर माफ झाला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं. तीस वर्षांचा शोध त्या घेणार होत्या. २००२ नंतरच्या बऱ्याच नोंदी संगणकावर सापडतात. त्याआधीच्या सूचीच्या जाडजूड वह्या कार्यालयात बसून चाळाव्या लागतात. काही वर्षांची पानं फाटलेली असतात, आणि प्रामाणिक सर्च रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं असतं. शोधाची फी वेगळी, करारनाम्याची वेगळी, दोन्हींची पावती. व्यवहार मोडला तरी शोधाची फी द्यायची. हे शेवटचं मला विशेष आवडलं. दस्त झाला तरच पैसे मिळणार असतील, तर ‘घेऊ नका’ म्हणायला वकिलाची जीभ जड होते.

एजंटचे रोज फोन: “अहो, महारेरावर टायटल रिपोर्ट आहे ना, मग कशाला?” तो होता. बिल्डरच्याच वकिलाने दिलेला.

गाठ सापडली ती एका फेरफारात. मूळ शेतकरी वारल्यावर वारस म्हणून तीन मुलगे आणि एक मुलगी अशी नावं लागली होती. काही वर्षांनी मुलीचं नाव कमी झालं, शेरा ‘हक्कसोडपत्रावरून’. बिल्डरच्या फायलीत ते हक्कसोडपत्र होतंही, रीतसर नोंदलेलं. बाईंनी त्याची पहिली दोन पानं सोडून थेट मिळकतीचं वर्णन काढलं. मौजे चऱ्होली खुर्द, तालुका खेड. बहिणीने हक्क सोडला होता तो नदीपलीकडच्या शेताचा. इमारत उभी होती ती बुद्रुकच्या गटात.

बुद्रुकसाठी दुसरं हक्कसोडपत्र असेल म्हणून त्यांनी हवेली आणि खेड, दोन्हीकडच्या सूची पाहिल्या. नव्हतं. विकसन करारनाम्यावर तिघा भावांच्याच सह्या होत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगी वडिलांच्या मिळकतीची पहिल्या वर्गातली वारस आहे. २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा खटल्याचा निकाल यांनी वडिलोपार्जित जमिनीतही तिला जन्मापासून भावाइतकाच हिस्सा दिला. नोंदणीकृत कागदाशिवाय तो सुटत नाही, आणि फेरफार हा काही मालकीचा दाखला नव्हे. या गावांमध्ये जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून बहिणींच्या सह्यांना काय मोल आलंय, ते तलाठ्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

भावाने विचारलं, “म्हणजे फ्लॅट जाईल का?”

“जाईल असं मी म्हणत नाही. एवढ्या वर्षांनी दावा टिकेल की नाही ते कोर्ट ठरवेल. पण दावा लागला, तर त्यात प्रतिवादी म्हणून तुमचंही नाव येऊ शकतं. आणि उद्या तुम्ही विकायला काढलंत, तर समोरचा वकील हाच कागद काढेल.” निघताना त्यांनी उपायही सांगितला: बिल्डरने त्या बहिणीकडून, किंवा ती नसेल तर तिच्या वारसांकडून, या गटाचं मान्यतापत्र नोंदवून आणावं, तोवर बयाणा देऊ नका.

विकणारे गृहस्थ आधी संतापले, मग पांढरे पडले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी एजंटच्या ‘आपल्याच’ वकिलामार्फत घर घेतलं होतं. बिल्डरच्या कार्यालयातून ‘बघतो’ हे उत्तर आलं, आणि तेच येत राहिलं. आम्ही तो व्यवहार सोडला.

पुढे त्याच बाजूला दुसरा फ्लॅट मिळाला. जमीन एकाच कुटुंबाची, हक्कसोडपत्रं गटानिशी बरोबर, आणि अभिहस्तांतरण होऊन सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव आलेलं. हे इथे फार कमी दिसतं. बाईंनी तरीही वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, मुदत संपेपर्यंत कुणाची हरकत आली नाही. घर एकट्या भावजयीच्या नावावर घ्यायचं ठरलं, कारण मुद्रांक शुल्कातली एक टक्क्याची सवलत सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील तर मिळते: सातऐवजी सहा टक्के. भाऊ कर्जात सहकर्जदार राहिला. किंमत ५० लाखांवर, म्हणून एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. ती बाईंनी करारनाम्यातच लिहून ठेवली. मिळकतकराच्या बिलावरचं नाव आणि महावितरणचं मीटर बदलायचे अर्जही त्यांनीच तयार करून दिले.

मधल्या काळात पहिल्या फ्लॅटच्या मालकांनी भावाकडून वकीलबाईंचा नंबर मागून घेतला होता. आमचं हे त्या बहिणीचं प्रकरण तुम्हीच निस्तरून द्या, म्हणेल ती फी देतो, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी नकार दिला. याच फ्लॅटसाठी मी खरेदीदारांच्या बाजूने काम केलंय, आता विकणाऱ्यांच्या बाजूने करता येणार नाही, असं म्हणून त्यांनी मंचरच्या एका वकिलांचं नाव दिलं.