दादर विसरायचं!

आमच्या पार्सिपनीत रूट ८०, २८७ आणि ४६ असे तीन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. पण गाडी चालवता येत नसेल तर त्यांचा काडीचा उपयोग नाही, हे भारतातून आलेल्या आईवडिलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. आमचे बाबा डोंबिवलीचे. तीस वर्षं डोंबिवली ते अंधेरी लोकलने गेलेला हा माणूस इथे दुधाचा कॅन आणायलाही शनिवारची वाट बघत बसायचा.

२०२५ च्या जूनमध्ये ते म्हणाले, “अरे, मला ते ग्रँड सेंट्रल स्टेशन बघायचंय. एकटा जाऊन येतो.”

मी पडलो इंजिनिअर! लगेच फ्लोचार्ट काढून दिला : मॉरिस प्लेन्सहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी, होबोकनला पाथ, वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून फुल्टन स्ट्रीटहून सबवे. सकाळी त्यांना स्टेशनवर सोडलं, होबोकनचं जाण्यायेण्याचं तिकीट काढून दिलं आणि ऑफिसला गेलो. दुपारीच फोन आला. “मॉरिस प्लेन्सला आहे, न्यायला ये. जरा डोकं दुखतंय.”

खरी गोष्ट रात्री आईकडून कळली. होबोकनला पाथच्या गेटपाशी बाबांनी रेल्वेचं तिकीट लावून पाहिलं. गेट उघडेना. मागे रांग. कुणीतरी काही सांगितलं, ते घाईत समजलं नाही. “बिनतिकीट पकडल्यासारखं वाटलं रे त्यांना,” आई म्हणाली.

चूक माझी होती. फ्लोचार्टमध्ये गाड्या होत्या, तिकिटं नव्हती. बाबांच्या हिशेबी डोंबिवली–अंधेरी हा एकच पास. दादरचा पूल ओलांडला की मध्य रेल्वेची पश्चिम रेल्वे होते, पण दोन्ही भारतीय रेल्वेच्याच, म्हणून तिकीट तेच चालतं. इथे तसं नाही. न्यू जर्सी ट्रान्झिट हे आपल्या राज्याचं, १९७९ सालचं महामंडळ. पाथ १९०८ साली सुरू झाली, पण १९६२ पासून ती दोन राज्यांच्या पोर्ट ऑथॉरिटीकडे आहे. सबवे न्यूयॉर्कच्या एमटीएकडे. तीन मालक, तीन गल्ले! आपल्या मुंबईतही २०१४ साली घाटकोपर–वर्सोवा मेट्रो आली, तेव्हा लोकलचा पास तिथे चालला नाहीच.

घोळात भर घालतं ते बँकेचं कार्ड. तेच कार्ड टेकवून पाथचंही गेट उघडतं आणि सबवेचंही, पण पैसे दोनदा कापले जातात. पूर्वीचं पिवळं मेट्रोकार्डही दोन्हीकडे चालायचं. त्याची विक्री २०२५ अखेर बंद झाली. सबवेतून उतरून दोन तासांच्या आत सिटी बस धरली तर दुसरं भाडं पडत नाही, पण पाथहून सबवेला ही सवलत नाही. आणि आपल्या ट्रेनला गेटच नाही. तिथे कंडक्टरला तिकीट दाखवायचं. स्टेशनवर मशीन चालू असताना गाडीत तिकीट मागितलं तर पाच डॉलर जादा. बाबांच्या खिशात मी दिलेलं कार्ड होतं हो, पण ते कुठे लावायचं हे मी सांगितलंच नव्हतं!

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली. बाबा म्हणाले, “येतोस तर ये, पण मागे राहा.” मी दहा पावलं मागे. होबोकनला उतरल्यावर त्यांनी रेल्वेचं तिकीट परतीसाठी पाकिटात ठेवलं, कार्ड काढलं, टेकवलं. गेट उघडलं. फुल्टन स्ट्रीटला पुन्हा तसंच. ग्रँड सेंट्रलला बराच वेळ छताकडे बघून झाल्यावर म्हणाले, “छान आहे. पण आमच्या बोरीबंदरची सर नाही.”

तुमच्याकडे या उन्हाळ्यात कुणी यायचे असतील, तर एक दिवस रजा काढा. त्यांच्याबरोबर एकदा जा, आणि मागे राहा.

ऑक्टोबरात परत जाईपर्यंत बाबा चार वेळा एकटे जाऊन आले. पाचव्या वेळी शेजारी मुलाकडे आलेल्या एका आजोबांना बरोबर घेतलं. गाडीत बसताना त्यांना समजावत होते, “हे बघा, गाड्या तीन, तिकिटं तीन. दादर विसरायचं!”