कुशीतले तिरपे स्नायू

ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडचा आराखडा मानवी देहाच्या धर्तीवर कल्पिला, असे सांगतात. विधानसभा, सचिवालय व उच्च न्यायालय हे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय, हिरवे पट्टे ही फुप्फुसे आणि रस्ते या रक्तवाहिन्या. भाषांतराच्या नोकरीनिमित्त या शहरात आल्यापासून ही उपमा मी अनेकदा ऐकली आहे. तीत कंबरेला मात्र स्थान नाही. येथले रस्ते परस्परांना बहुधा काटकोनात छेदतात. देहाच्या मध्यभागी निसर्गाने जी रचना केली आहे, ती तिरपी आहे.

वाचकहो, आपला उजवा हात कोटाच्या खिशात घालून पाहा. बोटे खाली व पुढे झुकतात. बरगड्यांपासून ओटीपोटाकडे उतरणाऱ्या बाह्य तिर्यक स्नायूचे तंतू याच दिशेने जातात. त्याच्या आत दुसरा थर असतो, तो आंतर तिर्यक स्नायूचा. याचे तंतू कटीच्या हाडापासून वर व पुढे चढतात, म्हणजे पहिल्याला आडवे छेदतात. आपण उजवीकडे वळतो तेव्हा डाव्या कुशीतला बाह्य व उजव्या कुशीतला आंतर स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. एका बाजूस झुकताना मात्र त्याच बाजूचे दोन्ही कामास येतात. खोकताना, खळखळून हसतानाही त्यांना श्रम पडतात.

भाषांतरकाराला येथे एक गंमत आढळते. मराठीत आपण ज्याला स्नायू म्हणतो त्याला हिंदीत मांसपेशी म्हणतात. हिंदीतला ‘स्नायु’ पुष्कळदा मज्जातंतू असतो. सुश्रुतसंहितेत तर स्नायू ९०० आणि पेशी ५००, अशी निराळी गणना आहे. परंतु ‘कूस’ हा शब्द आपल्या आजीलाही कळतो, म्हणून तोच मला अधिक जवळचा वाटतो.

आजीला हे स्नायू ठाऊक नव्हते, पण ती जात्यावर दळीत असे. खुंटा फिरविताना तिचे सारे धड त्याबरोबर फिरे. पंजाबच्या खेड्यांत मधाणीने, म्हणजे आपल्या रवीने, ताक घुसळणाऱ्या स्त्रियांची कंबरही दोरीच्या प्रत्येक ओढीसरशी डावीउजवीकडे वळे. आता दळण गिरणीत जाते, आणि कचेरीत मागून हाक आली की आपण नव्हे, तर आपली खुर्ची फिरते.

या हालचालीचे मोल मला वडिलांच्या अखेरच्या आजारात कळले. त्यांना कूस पालटायची झाली की आई आणि मी, दोघींचे हात लागत. ‘एवढेही मला जमू नये ना,’ असे ते एकदा म्हणाले. अंथरुणात आपले आपण वळता येणे हे केवढे स्वातंत्र्य आहे!

तेव्हापासून मी रोज दहा मिनिटे काढते. पाय लांब करून ताठ बसावे. उजवा गुडघा उभा करून ते पाऊल डाव्या गुडघ्याजवळ ठेवावे. उजवा हात पाठीमागे टेकावा, डावा हात उजव्या गुडघ्याबाहेर न्यावा आणि श्वास सोडीत सावकाश उजवीकडे वळावे. मग तेच डावीकडे. हेच वक्रासन. ज्यांना जमिनीवर बसणे कठीण, त्यांनी हात नसलेल्या खुर्चीवर बसून पाठीचा टेका धरावा व वळावे. कंबरेच्या मणक्यांना फिरण्यास वाव थोडा असतो, वळण मुख्यतः छातीच्या मणक्यांतून येते. म्हणून हिसका कधीही देऊ नये. पाठीचे दुखणे, हर्निया, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

या व्यायामाने कुशीवरचीच चरबी झडेल, अशी आशा मात्र धरू नये. चरबी देह आपल्या क्रमाने वापरतो. आपण दाखवू त्या जागेची नव्हे. स्नायूंना बळ येईल, वळण सुटे राहील. सकाळी सुखना तलावाकाठी अनेक वृद्ध झपझप चालताना दिसतात. चालणे उत्तमच, पण ते देहाला पुढे नेते. घरी परतल्यावर, वाचकहो, त्याला दोन्ही अंगांना थोडे वळवावयासही विसरू नका.