हरवलेली रात्र

दिवसाची रात्र करणे ही केवळ विधात्याची सत्ता, असे मनुष्य पूर्वी मानीत असे. आज शाळेतील संगणकापुढे बसलेला बारा-तेरा वर्षांचा विद्यार्थी ती गोष्ट क्षणार्धात करून दाखवितो. स्नेहसंमेलनासाठी मुलांनी एक छोटासा चित्रपट तयार केलेला असतो. गोष्टीतील चोर मध्यरात्री वाड्यात शिरतो. परंतु चित्रण झालेले असते भर दुपारी, कारण रात्री मुलांना घराबाहेर कोण सोडणार? मग तो विद्यार्थी संगणकाला दोनच गोष्टी सांगतो : काळ्याच्या जागी गडद निळा रंग घे आणि पांढऱ्याच्या जागी फिका निळा. पाहता पाहता दुपारचे ऊन मावळते आणि वाड्याच्या अंगणात चांदणे उतरते.

ही किमया घडते तरी कशी? संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे असंख्य बारीक ठिपक्यांची रांगोळीच होय. प्रत्येक ठिपका किती उजळ आहे, हे तो अंकांनी जाणतो. निव्वळ काळ्याचा अंक ०, शुभ्र पांढऱ्याचा २५५ आणि करड्या छटांचे अंक या दोहोंच्या मध्ये. मूळचे रंग बाजूला सारून तो केवळ हा उजळपणा विचारात घेतो. मग सर्वांत खालच्या पायरीवर एक रंग, सर्वांत वरच्या पायरीवर दुसरा आणि मधल्या पायऱ्यांवर त्या दोहोंचे कमीअधिक मिश्रण, अशी तो नवी मांडणी करतो. काळ्याच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी काळा नेमला, तर सारे चित्र छायाचित्राच्या निगेटिव्हसारखे उलटे दिसू लागते. आकृती मात्र जशीच्या तशी राहते. बदलतो तो केवळ तिचा वेष.

साधन नवे असले, तरी कल्पना नवी नव्हे. मूकपटांच्या काळात चित्रफितीवर चित्र उमटत असे ते जिलेटिनच्या पातळ थरातील चांदीच्या सूक्ष्म कणांनी. तयार झालेली फीत रंगाच्या पाण्यात बुडविली, की तो थर रंग पिऊन घेई. मग चित्राचा उजळ भाग रंगीत दिसे आणि काळा भाग काळाच राही. दुसरी रीत याच्या नेमकी उलट होती. तीत चांदीच्या कणांचे रासायनिक क्रियेने रंगीत संयुगात रूपांतर करीत. त्यामुळे काळा भाग रंगीत होई आणि पांढरा भाग पांढराच राही. काही कुशल कारागीर दोन्ही रीती एकत्र योजीत आणि एकाच चित्रात दोन रंगांचा मेळ घालीत. पांढऱ्याला कोणता रंग द्यावयाचा आणि काळ्याला कोणता, हे संगणकाचे दोन प्रश्न म्हणजे त्या दोन जुन्या रीतींचेच वारस होत.

हे रंग केवळ शोभेसाठी दिले जात नसत. ती एक भाषाच होती. पडदा निळा झाला, की प्रेक्षक रात्र समजत. तांबडा झाला, की आग लागली असे जाणत. पिवळसर उजेड दिसला, की घरात दिवे लागले, हे त्यांना न सांगता कळे. त्या काळच्या फितीला अंधारात चित्र टिपण्याइतकी शक्ती नव्हती. म्हणून रात्रीचे पुष्कळसे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करीत आणि रात्र आणण्याचे काम निळ्या रंगावर सोपवीत.

या भाषेचे महत्त्व एका जर्मन मूकपटाच्या कहाणीवरून ध्यानी येते. फ्रीड्रिख मुर्नाऊ या थोर दिग्दर्शकाचा 'नोस्फेरातू' हा चित्रपट १९२२ साली प्रदर्शित झाला. काउंट ऑर्लोक नावाच्या रक्तपिपासू पिशाच्चाची ती कथा. हे पिशाच्च रात्रीच संचार करते, आणि शेवटी कोंबडा आरवल्यावर उगवत्या सूर्याच्या किरणांनी नाहीसे होते. कथेचा सारा डोलारा रात्र आणि दिवस यांच्या भेदावर उभा आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवरून हा चित्रपट परवानगीवाचून काढलेला होता. म्हणून १९२५ साली न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. सुदैवाने काही प्रती वाचल्या. परंतु पुढे त्यांवरून ज्या नकला निघाल्या, त्यांतील पुष्कळशा काळ्यापांढऱ्या फितीवर उतरविल्या गेल्या. चित्र उतरले, रंग मागेच राहिला!

याचा परिणाम काय झाला? सूर्यकिरणांनी मरणारे ते पिशाच्च आपली शवपेटी काखोटीला मारून शहराच्या रस्त्यांवरून लख्ख उन्हात चालताना दिसू लागले! ज्याला ऊन सोसत नाही तो उन्हात कसा हिंडतो, हे पाहणाऱ्याला उमगेना. दोष दिग्दर्शकाचा नव्हता, छायालेखकाचाही नव्हता. नक्कल करताना एक रात्रच हरवली होती.

ती रात्र परत कशी मिळाली? पॅरिसमधील सिनेमाथेक फ्रांसेज या संस्थेने १९२२ सालची रंगविलेली एक फ्रेंच प्रत जपून ठेवली होती. त्या प्रतीच्या आधारे अभ्यासकांनी कोणत्या प्रसंगाला कोणता रंग होता, हे ठरविले आणि २००६ सालापर्यंत चित्रपटाला त्याची निळी रात्र व गुलाबी पहाट पुन्हा मिळवून दिली. एका जपलेल्या प्रतीवाचून हे कार्य किती अवघड झाले असते!

संगणकापुढील त्या विद्यार्थ्याने या कहाणीतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. त्याचे साधन जुन्या कारागिरांच्या साधनाहून उदार आहे. एकदा रंगात बुडविलेली फीत कोरडी होई, पण कोरी होत नसे. संगणकात मात्र रंगाचा थर वर राहतो आणि मूळ चित्र त्याखाली अबाधित असते. निळाई अधिक वाटली तर कमी करता येते, नको झाली तर काढूनही टाकता येते. म्हणून मूळ चित्र नेहमी जपून ठेवावे, आणि कोणत्या प्रसंगाला कोणता रंग दिला व का दिला, याची दोन ओळींची नोंद त्याशेजारी करून ठेवावी. आज तो श्रम क्षुल्लक वाटेल. पण पुढे कोणी ते चित्र उघडील, तेव्हा वाड्यात चोर शिरला तो दुपारी नव्हे, मध्यरात्री, हे त्या दोन ओळीच त्याला सांगतील.